वाइनची द्राक्षे : घड उन्हाळ्यातच ठरतो



आपल्या कार्यक्षेत्रातील काही सभासदांनी उसाबरोबर एकर-दोन एकर वाइनच्या द्राक्षाची लागण केली आहे. द्राक्ष हे आमच्या खात्याचे पीक नव्हे. पण ऊस पाहायला गेलो की बागही दाखवली जाते, आणि बाग पाहिल्याशिवाय चहा मिळत नाही. म्हणून हे चार शब्द.

एका सभासदाच्या शिराझच्या बागेत आम्ही जूनमध्ये उभे होतो. काड्या जाडजूड, पेरी लांब, पाला काळाभोर. "साहेब, कशी वाटली बाग?" त्यांनी विचारले. आम्हीही उसाच्या नजरेने पाहिले आणि 'झकास' म्हणून मोकळे झालो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फुटी भरपूर आल्या. पण घडाच्या जागी बाळ्या आणि गोळी घड! वर्षाचा खर्च अंगावर आला. चूक त्यांची, तशी आमचीही.

युरोपात वेल थंडीत झोपते आणि वसंतात फुटते, म्हणून तिथे मुख्य छाटणी वर्षातून एकदाच. आपल्याकडे ती झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, अशी दोनदा छाटावी लागते. फळ गोडी छाटणीनंतर दिसते, पण त्याचा सूक्ष्म घड काडीच्या डोळ्यात तयार होतो तो खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 70 दिवसांत. 10 एप्रिलला छाटली तर 20 मे ते 19 जून हा तो काळ. या दिवसांत डोळ्यावर ऊन पडले आणि वेलीची धाव मंदावली तर घड; सावली आणि जोम राहिला तर तोच कोंब बाळी होतो.

उसात आपण वाढ विकतो. कांडी जितकी वाढेल तितके टन. द्राक्षाची काडी मात्र कोठार आहे, नुसती लांबवून काय उपयोग? तेव्हा युरियाचे पोते बागेकडे नेताना हात आवरा. नत्र लागते ते फुटी निघून पाने येईपर्यंत, पहिल्या महिन्यात. चाळिसाव्या दिवसापासून नत्र बंद, स्फुरदावर भर, आणि पुढे काडी पिकताना पालाश. पाणीही या काळात कमी करा, पण तोडू नका. मे महिन्याचे ऊन आहे. शेंड्याकडे पाहा. तो सरसर पळत असेल तर पाणी जास्त होते आहे, पाने मलूल झाली तर कमी पडते आहे.

पाच पानांवर विरळणी करून गर्दीच्या फुटी काढा. राहिलेल्या काड्या तारांत उभ्या बांधा. जोमदार वेलीत सातव्या पानावर शेंडा खुडून सबकेन घ्यावी. वेल अशक्त असेल तर सरळ काडी बरी. पुढे पंधरा-सोळा पानांवर शेंडा मारावा.

छाटणी लांबवू नका. उसाच्या तोडीच्या गडबडीत ती 15 मेवर गेली तर चाळिसावा दिवस जूनच्या अखेरीस, ऐन ढगाळ हवेत येतो. मग ऊन कुठून आणणार?

गोडी छाटणीआधी काड्यांचे नमुने प्रयोगशाळेत देऊन डोळे तपासून घ्यावेत. घड कितव्या डोळ्यावर आहे ते कळते आणि तेवढे डोळे राखून कात्री लावता येते. ज्या सभासदाचा वर उल्लेख केला, त्यांनी पुढच्या वर्षी हीच तपासणी करून मग छाटणी घेतली.