उजनीच्या पाण्यात फ्लाय फिशिंग : दोरी, काठी आणि फ्लायची निवड

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. बारीक गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून किडा, बेडूक किंवा लहान मासा भासेल असे आमिष तयार करतात, तीच फ्लाय. ती इतकी हलकी असते की नुसती भिरकावली तर पायाशीच पडते. नेहमीच्या गळात शिसे पुढे जाते आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. इथे वजन दोरीतच असते. जाड, गुळगुळीत दोरी डोक्यावरून मागेपुढे झुलवून सोडली की फ्लाय तिच्या जोरावर पुढे जाते. म्हणून आधी विचार दोरीचा, मग काठीचा आणि फ्लायचा सगळ्यात शेवटी. नवखे लोक नेमके उलटे करतात. रंगीत फ्लायची डबी आधी घरात येते.

कुर्डुवाडीकरांना या प्रकारासाठी जवळचे मोठे पाणी म्हणजे टेंभुर्णीच्या पलीकडचा उजनी जलाशय. भीमा नदीवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी असला तरी त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. पाणी त्या पातळीखाली गेले की धरण ‘उणे’ झाले असे म्हणतात, आणि टंचाईच्या वर्षी ही वेळ उन्हाळ्याआधीच येते. पाण्याची ही चढउतार मासेमाराला फार महत्त्वाची आहे. भाद्रपदात जिथे दोन पुरुष पाणी असते तिथे वैशाखात गाळपेरीची पिके उभी असतात. पळसदेवचे बुडालेले देऊळही अशाच दिवसांत उघडे पडते. त्यामुळे गेल्या खेपेची जागा आणि गेल्या खेपेची दोरी या खेपेला चालेलच असे नाही.

दोरी मुख्यतः दोन प्रकारची, तरंगणारी आणि बुडणारी. बुडणाऱ्या दोरीचा वेग वेष्टनावर दिलेला असतो. सेकंदाला तीन इंच बुडणारी दोरी दहा फूट खाली जायला चाळीस सेकंद घेते. फेक झाली की तेवढे आकडे मनात मोजायचे आणि मगच दोरी ओढायला लागायचे. हे कंटाळवाणे वाटते खरे, पण खोल पाण्यात रिकाम्या हाताने परतणारे बहुतेक जण दहा-पंधरापर्यंत मोजूनच ओढू लागलेले असतात.

उत्तर अमेरिकेतल्या सरोवरांत वॉलआय नावाच्या शिकारी माशासाठी हाच हिशेब करतात. त्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असल्याने त्याला अंधुक उजेडात चांगले दिसते. दिवसा तो खोल राहतो, तिन्हीसांजेला उथळ काठाशी येतो. म्हणून दुपारी बुडणारी दोरी आणि संध्याकाळी तरंगणारी, अशी दोन रिळे तिथले लोक जवळ ठेवतात. त्याच्यासाठी वापरली जाणारी क्लाउझर मिनो ही फ्लाय पेनसिल्वेनियाच्या बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात घडवली. तिच्या गळ्याशी धातूचे दोन जड डोळे बांधलेले असतात. त्यामुळे ती उलटी होऊन, गळाचे टोक वर ठेवून पोहते आणि तळाच्या झुडपांत कमी अडकते. बुडालेल्या बाभळी आणि जुन्या भिंती ज्या जलाशयाच्या तळाशी आहेत, तिथे तिची उपयुक्तता वेगळी सांगायला नको.

उजनीत वॉलआय नाही, मरळ आहे. काठाच्या वनस्पतींत दबा धरून बेडूक आणि लहान मासे टिपणाऱ्या मरळीला वरची हवाही लागते; ती अधूनमधून पृष्ठभागावर येऊन श्वास घेते आणि तिथेच तिचा ठावठिकाणा कळतो. तिच्यासाठी तरंगणारी दोरी, आठ नंबरची नऊ फुटी काठी आणि दोरीच्या टोकाला सहा-सात फूट जाड तंगूस हवा. काठीचा नंबर दोरीच्या वजनाशी जुळलेला असतो. आठ नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट साडेतेरा ग्रॅमच्या आसपास भरतात, पाच नंबरचे नऊ. मोठी, वारा अडवणारी बेडूक-फ्लाय पाच नंबरवर फेकणे म्हणजे खांदा दुखवून घेणे. बेडूक फोमचा किंवा केसांचा असावा आणि गळाच्या टोकापुढे जाड तंगुसाची कमान बांधावी, म्हणजे पाणगवत लागत नाही. मरळीने झेप घेतली की हात आपोआप काठी उचलतो आणि बेडूक तिच्या तोंडातून सुटतो. दोरी ताठ होईपर्यंत थांबून डाव्या हाताने ती सरळ मागे खेचावी. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिलांचा थवा दिसला तर त्याच्याजवळ फ्लाय टाकू नये. राखण करणारी मरळ चटकन सापडते, पण ती गेली की पिले इतर माशांच्या तोंडी जातात.

चिलापीचे गणित वेगळे. मूळ आफ्रिकेतला हा मासा भारतात १९५२ मध्ये आला आणि आता उजनीच्या बाजारात त्याचीच चलती आहे. तो शेवाळ आणि बारीक किडे खातो, म्हणून पाच नंबरची काठी, नऊ फूट बारीक तंगूस आणि बारा-चौदा नंबरच्या गळावर बांधलेला पाणकिडा पुरतो. गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे. चिलापीची ओढ हातात जाणवत नाही. तंगुसावर लहानसा तरंगा लावून तो किंचित थबकतो का, हे पाहावे लागते. कटला तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खातो, त्यामुळे त्याच्यामागे फ्लाय घेऊन लागण्यात फारसा अर्थ नाही. वाम तळाला असते आणि तिला गांडूळच बरे.

काठावरही दोन गोष्टी बघाव्यात. मागे दोरी झुलवायला तीस-चाळीस फूट मोकळी जागा हवी. वेडी बाभूळ मागे असेल तर ती फ्लाय गोळा करत राहते. उन्हाळ्यात उघडा पडलेला गाळ वरून कोरडा आणि आत मऊ असतो, तेव्हा काठी टेकवून पाहिल्याशिवाय पाण्याजवळ उतरू नये. मासेमारीची परवानगीही आधीच घ्यावी.

हिरवट पाण्यातले शेवाळ दोरीला चिकटते. मग तरंगणारी दोरी टोकाकडून बुडू लागते आणि फेकही आखूड पडते. घरी आल्यावर ती कोमट साबणपाण्यातून मऊ फडक्याने पुसून, सावलीत वाळवून सैल गुंडाळावी.