आधी जीवाश्म, मग जिवंत!

स्पेनच्या मयोर्का बेटावर त्रामुंताना नावाची डोंगररांग आहे. तिथल्या चुनखडीच्या अरुंद घळींत जेमतेम चार सेंटिमीटरचा एक बेडूक राहतो, आणि रानात तो जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाही. नाव मयोर्कन सुईण बेडूक. स्वभाव? सगळंच उलटं!

श्राद्ध आधी, बारसं नंतर
१९७७ साली शास्त्रज्ञांनी या बेडकाचं वर्णन केलं ते जीवाश्म हाडांवरून. हाडं सापडली त्या मुलेता गुहेवरून शास्त्रीय नाव दिलं आणि ‘नामशेष’ म्हणून नोंद केली. दोन-तीन वर्षांतच दुर्गम घळींमधल्या डबक्यांत त्याची जिवंत पिल्लं सापडली.

बाळंतपण बाबांचं
मादी दहा-बारा टपोरी अंडी घालते आणि मोकळी होते. नर ती अंड्यांची माळ मागच्या पायांना गुंडाळून काही आठवडे वागवतो. पिल्लं बाहेर पडायच्या बेतात आली की डबकं गाठतो आणि त्यांना पाण्यात सोडतो.

भांडतात त्या माद्या
बहुतेक बेडकांत मादीसाठी नर झुंजतात. इथे अंडी सांभाळायला रिकामा नर मिळणं हीच अडचण, त्यामुळे नरासाठी माद्या एकमेकींशी झोंबाझोंबी करतात. साद घालण्यातही त्या मागे नाहीत.

दगडाआड ठणठण
ही साद म्हणजे ऐरणीवर लहानशी हातोडी पडावी तसा टणत्कार. म्हणून बेटावरचे लोक त्याला ‘फेरेरेत’, म्हणजे छोटा लोहार म्हणतात. लोहारबुवा दिवसा मात्र दिसत नाहीत. चपटं अंग कातळाच्या फटीत सरकवून गुडूप!

पोरं आईबापांहून लांब
पावसाळी लोंढा ओसरला की ओढ्याची डबकी उरतात. त्यांत वाढणारे टॅडपोल शेपटीसकट सात सेंटिमीटरच्या पुढे जातात. पाय फुटून शेपटी गळाली की पुन्हा चिमुकले.

सापाचा वास, शेपटीला व्यायाम
मयोर्कावर पूर्वी पाणसाप नव्हते. सुमारे २,००० वर्षांपूर्वी माणसाबरोबर एक जात आली आणि या बेडकांवर ताव मारू लागली. बेडूक उरला तो मुख्यतः सापांना सहज न गाठता येणाऱ्या घळींत. पण टॅडपोलांनीही तोड काढली. पाण्यात सापाचा रासायनिक माग लागला की त्यांची शेपटी लांबट होते, तिचा पर अरुंद आणि स्नायू दणकट होतो. साप नसेल तर हा खटाटोप नाही!

जमशेदपूरकराचा हात
१९८५ पासून जर्सी बेटावरच्या प्राणिसंग्रहालयात या बेडकांची पैदास सुरू झाली आणि १९८९ पासून पिल्लं मयोर्काच्या ओढ्यांत सोडली जाऊ लागली. या संग्रहालयाचे संस्थापक लेखक जेराल्ड ड्युरेल. त्यांचा जन्म १९२५ सालचा, आपल्या जमशेदपूरचा.

औषधाबरोबर आजारही
उलटेपणाचा कळस पुढेच आहे. बंदिस्त पैदाशीच्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या बेडकांच्या शेजारामुळे कायट्रिड ही जीवघेणी बुरशी लागली आणि सोडलेल्या पिल्लांबरोबर मयोर्काच्या ओढ्यांत पोचली, असं पुढे जनुकीय तपासणीतून दिसलं.

डबकी धुवून काढली
मग शास्त्रज्ञांनी टॅडपोल उचलून प्रयोगशाळेत आणले, बुरशीनाशकाच्या पाण्यात ठेवले आणि बरे झाल्यावर परत सोडले. पुन्हा लागण! दुसऱ्या खेपेला रिकामी डबकी आणि भोवतालचे कातळ जंतुनाशकाने धुतले, तेव्हा कुठे बुरशी हटली. रानातल्या उभयचरांतून कायट्रिड हटवल्याचं जगातलं हे पहिलं यश २०१५ साली प्रसिद्ध झालं.

ट्रेकर मंडळी, इकडे लक्ष द्या
कायट्रिड सह्याद्रीतल्या बेडकांतही आढळली आहे. मयोर्काची मोजकी डबकी उपसून धुता आली, आपले वाहते ओढे कोण आणि कसे धुणार? पण ही बुरशी ओलाव्यावर जगते, कोरडं पडलं की मरते. तेव्हा एका ओढ्यातून निघून दुसऱ्या खोऱ्यात शिरण्याआधी बूट घासून, उन्हात खडखडीत वाळवून घ्या. खर्च शून्य!