पाण्यातलं पुणे – लेखांक सातवा : उतरत्या पाण्यातला मासा

होळीच्या आसपास पानशेतला गेलात, तर आधी काठ दिसतो आणि पाणी नंतर. दिवाळीला झाडांच्या मुळांशी लागलेलं पाणी आता बरंच खाली गेलेलं असतं. मधल्या उतारावर तांबूस माती, गोटे, शिंपल्या आणि पाणी जिथे जिथे काही दिवस थांबलं त्या पातळीच्या आडव्या रेघा. पुणेकराला हे उजाड वाटतं. गळ टाकणाऱ्याला मात्र पावसाळ्यात झाकलेला तळ इथे उघड्यावर वाचायला मिळतो.

गेल्या लेखांकानंतर काही वाचकांनी विचारलं, की परदेशात वसंत सुरू झाला की मासेमारीचा हंगाम जोरात येतो, मग आपल्याकडे तसं का नाही? प्रश्न रास्त आहे. मिनेसोटातल्या तलावांवरचा बर्फ विरघळतो आणि पाणी पाच ते दहा अंश सेल्सिअसच्या दरम्यान येतं, तेव्हा वॉलाय नावाचा मासा अंडी घालायला खडकाळ उथळात आणि नद्यांच्या तोंडाशी गोळा होतो, तोही रात्री. त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. मासा कुठे असणार हे तिथे जवळपास ठरलेलंच असतं. म्हणून तर तिथल्या आतल्या तलावांवर विणीच्या काळात त्याची मासेमारी बंद ठेवतात आणि मे महिन्यात उघडतात.

आपल्या माशांचा वसंत मृगात येतो. पहिल्या पुराबरोबर ओढ्यात चढणारे चढणीचे मासे, हीच आपली ती धाव. रोहू, कटला, खडशी ही सगळी मंडळी पावसाळ्याची वाट बघतात. फाल्गुनात ती वीण करत नाहीत, खातात. अपवाद चिलापीचा. ती उथळात तळाला खळगे करून वर्षातून अनेकदा पिलं काढते, म्हणूनच धरणांत तिचं राज्य आहे. बाकी माशांना शोधायचं तर विणीची जागा नव्हे, जेवणाची जागा ओळखावी लागते. ती पाण्याची पातळी ठरवते.

इथे आपल्या धरणसाखळीचं गणित समजून घ्यायला हवं. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर मिळून उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी. त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन. शहराला आणि कालव्याला पाणी जातं ते खडकवासल्यातून, पण ते भरून काढतात वरची धरणं. त्यामुळे खडकवासल्याची पातळी वरखाली होत राहते, तर पानशेत-वरसगाव उन्हाळाभर उतरतच जातात. उतरत्या धरणात सपाट तळ दर आठवड्याला उघडा पडतो. मासा तिथे घर करत नाही. तो सरकत सरकत जुन्या नदीपात्राच्या कडेला, बुडालेल्या ओढ्याच्या तोंडाशी, खडकाळ टोकाच्या खाली जाऊन थांबतो. धरणात गेलेल्या गावांचे दगडी बांधही त्याला आवडतात, कारण त्यांच्या फटीत खेकडे आणि शंखगोगलगायी असतात.

एक सोपा प्रयोग सांगतो. काठावर उभं राहून डोंगराकडे पाहा. एखादी सोंड उतरत उतरत पाण्यात शिरली असेल, तर ती पाण्याखालीही तशीच पुढे जाते. तिच्या दोन्ही बाजूंना खोली असते. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी मासा त्या खोलीतून सोंडेवर चढतो. दुपारी वारा सुटला, की ज्या काठावर लाटा आपटतात तिथे बसावं. लाटांनी माती ढवळते, त्यातले किडे सुटतात, बारके मासे त्यांच्यामागे आणि मोठे बारक्यांमागे येतात. शांत, आरशासारख्या काठावर फोटो चांगले येतात, एवढंच. एप्रिल-मेमध्ये ऊन चढलं, की वरचं पाणी तापून हलकं होतं, खालच्या गार पाण्यात मिसळत नाही आणि तळातला प्राणवायू घटत जातो. म्हणजे खोल पाणी दिसलं म्हणून तळाशी गळ सोडून बसण्यात तेव्हा फारसा अर्थ उरत नाही.

आमिषाचं फार बोलत नाही, त्यावर प्रत्येक काठावर एक स्वयंघोषित पंडित भेटतोच. रोहूला कणीक आणि शेंगदाण्याची पेंड, शिंगाळ्याला गांडूळ किंवा बारका मासा, मरळेला बेडूक. बस्स.

आता खडशीबद्दल, म्हणजे आपल्या दख्खनी महसीरबद्दल. हिचं तोंड उघडून पाहिलं तर जबड्यात दात नसतात. जाड, मांसल ओठ, ओठांशी मिशांच्या दोन जोड्या आणि दात थेट घशात. खेकड्याचं कवच ती तिथे फोडते. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या माशांवरून. आज त्या पात्रात जलपर्णी आणि फेस आहे.

खडशी तगली याचं बरंच श्रेय लोणावळ्याला जातं. वळवण तलावावरच्या टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून तिची कृत्रिम पैदास सुरू झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी तिच्या अंड्यांचा आणि पिलांचा अभ्यास त्याच सुमारास केला होता. पावसाळ्यात पिकलेल्या मादीची अंडी काढून वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतात, तीन-चार दिवसांत पिलं बाहेर पडतात.

या कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. इथली पिलं कावेरीतही सोडली गेली. तिथे कुबडाची महसीर आधीपासून होती आणि तिच्या पाण्यात आपली खडशी फोफावली. २०१८ मध्ये त्या कावेरीच्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली, तोवर तो नामशेष होण्याच्या काठावर पोचला होता. त्यामागे धरणं, सुरुंग लावून केलेली मासेमारी अशी इतर कारणंही आहेत, पण बाहेरच्या माशाचा हात नाकारता येत नाही. हेतू चांगला होता, नदी चुकली. घरच्या टाकीतले मासे धरणात सोडून पुण्य कमावणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं.

जाण्याआधी दोन गोष्टी. धरणातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. आधी त्यांना विचारा, परवानगी घ्या, भिंतीजवळ जाऊ नका. आणि उतरलेल्या काठावरचा गाळ वरून भेगाळलेला, सुकलेला दिसला तरी खाली ओला असतो. काठीने दाबून पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नका. गुडघाभर रुतलेल्या माणसाला एकट्याने बाहेर पडणं अवघड जातं.

खडशी गळाला लागलीच, तर हात ओले करून धरा, गळ ओठातच असतो तो हलक्या हाताने काढा आणि तिला पाण्यात परत सोडा. चार महिन्यांनी तीच ओढ्याने वर चढणार आहे. त्या चढणीबद्दल पुढच्या आठवड्यात.