सुजलेल्या पापण्या : हें बाळसें नव्हे

आमच्या अन्नछत्रांची पाहणी करण्यास येणारे कांहीं सद्गृहस्थ विचारतात कीं, ज्या मुलांचीं तोंडें अशीं भरलेलीं दिसतात त्यांस वेगळें काढून दूध कां पाजतां? दिलेल्या पैशाचा हिशेब मागण्याचा दात्यांचा अधिकार आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. म्हणून जमाखर्चापूर्वीं या गोष्टीचा खुलासा करणें आम्हांस अवश्य वाटतें.

तें तोंड भरलेलें नसतें, सुजलेलें असतें. दीर्घकाळ पुरेसें व सकस अन्न न मिळाल्यानें मांस झिजतें आणि अंगांत पाणी सांठूं लागतें. तें बहुधा आधीं पावलांवर उतरतें, मग पोटऱ्या व हात धरतें, आणि रोग बळावला म्हणजे तोंडावर येतें. पापण्यांची त्वचा अत्यंत पातळ व तिच्या खालचा भाग सैल असल्यामुळें तेथें पाणी चटकन् भरतें. पापण्या जड होऊन डोळ्यांवर लोंबतात व मूल झोपाळू दिसतें. पाहणारा म्हणतो, बाळसें धरलें आहे! वस्तुतः हें मूल पुष्कळदां बरगड्या दिसणाऱ्या मुलाहूनही मृत्यूच्या अधिक जवळ असतें. केंस विरळ व तांबूस होणें, कातडीचे पोपडे निघणें, सारखी किरकिर आणि अन्नावरची वासना उडणें, हीं त्याचीं इतर लक्षणें होत.

डॉ. सिसिली विल्यम्स यांनीं १९३३ सालीं आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथील मुलांवरून या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें व १९३५ सालीं तेथील गा भाषेंतील ‘क्वाशिओरकोर’ हें नांव पुढें आणिलें. धाकटें भावंड आल्यामुळें आईच्या दुधास मुकलेल्या मुलाचा रोग, असा त्याचा आशय आहे. पूर्वीं प्रथिनांची उणीव हेंच याचें कारण मानीत. आतां तेवढ्यानें तज्ज्ञांचें समाधान होत नाहीं. मात्र नुसत्या धान्यावर शरीर टिकत नाहीं, हें आपल्याकडे फार पूर्वींच दिसून आलें होतें. १८७७ सालीं सर रिचर्ड टेंपल यांनीं मद्रास इलाख्यांत दुष्काळी कामावरील मजुरी दररोज १ पौंड धान्य व एक आणा इतकी उतरविली, तेव्हां तेथील आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं ती अपुरी आहे म्हणून कडक हरकत घेतली होती.

ही सूज ओळखण्यास यंत्र लागत नाहीं. मुलाच्या दोन्ही पावलांवर आंगठ्यानें तीन सेकंद दाबावें. आंगठा काढल्यावर दोहोंकडे खळगा राहिला, तर त्यास तत्काळ वैद्यकीय उपचारास पाठविलें पाहिजे. एकाच डोळ्याची सूज या रोगाची नव्हे. सकाळीं पापण्या फुगून दिवसां उतरत असतील तर मूत्रपिंडाच्या विकाराचा संशय घ्यावा लागतो व लघवी तपासावी लागते; म्हणून अंतिम निर्णय डॉक्टरांचाच.

आतां खर्चाकडे वळूं. अशा मुलास प्रारंभीं दूध, साखर व तेल यांचें पातळ मिश्रण देतात. त्याच्या १०० मिलिलिटरांत ७५ कॅलरी असतात, आणि खनिजें व जीवनसत्त्वें मोजून घातलेलीं असतात. तें दर दोन-तीन तासांनीं, रात्रींही, थोडें थोडें पाजावें लागतें. या दिवसांत मीठ अल्प, आणि लोहाचें औषध मुळींच नाहीं. भूक परतली व सूज उतरूं लागली म्हणजेच शेंगदाणे, दुधाची भुकटी, साखर व तेल यांचें घट्ट सकस अन्न सुरू होतें. सूज उतरविण्यास लघवीचें औषध देणें घातक होय.

कित्येक उदार व्यापारी सणावारीं मिष्टान्नभोजन घालूं इच्छितात. त्यांच्या हेतूबद्दल आम्हांस आदरच आहे; परंतु उपाशी शरीरावर एकदम पडलेलें जड अन्न हृदयास झेपत नाहीं. १९४५ सालीं जर्मनींतील बेर्गेन-बेल्सेन छावणी मुक्त झाल्यावर सैनिकांच्या शिध्यांतील जड अन्नानें कित्येक सुटलेले बंदी दगावले. पुढें तेथें १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत उपयोगी पडलेलें तांदूळ-साखरेचें मिश्रण आणविलें, तें त्या लोकांच्या जिभेस रुचलें नाहीं. सारांश, आहार ठरवितांना सवयही पाहावी लागते.

आणखी एक गोष्ट. वजनाच्या नोंदवहींत अशा मुलांचें वजन पहिल्या दिवसांत उतरलेलें दिसेल. तेथें अन्नाची चोरी झाली असा तर्क कोणीं करूं नये. अंगांतील पाणी ओसरत असतें, आणि वजन खरें वाढण्यास त्यानंतरच आरंभ होतो.

यास्तव धान्याबरोबर दुधाची भुकटी, साखर, गोडें तेल आणि लहान मुलांचें वजन करण्याचे कांटे पाठवावे, अशी व्यापारी व जमीनदार मंडळींस विनंती आहे. ज्यांनीं भोजनाचा संकल्प केला असेल त्यांनीं तितकी रक्कम खजिनदारांकडे द्यावी. ती दात्याच्या नांवें दूधखातीं जमा होईल. आणि आपल्या वाड्यावर वा पेढीवर मजुरी करणाऱ्यांचीं मुलें दिसतील तेव्हां त्यांच्या पापण्यांकडे व पावलांकडे एकवार लक्ष द्यावें.