'असूनही' या शब्दातील 'ही'

अपंग माणसाचे कौतुक करताना आपल्याकडे एक ठरलेले वाक्य येते : "अपंग असूनही त्याने किती केले!" बोलणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो. परंतु आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माझ्यासारख्याचे लक्ष त्यातील 'ही' या इवल्याशा अव्ययापाशी अडते. अपंगत्व आणि कर्तृत्व यांचे जणू वैरच आहे, असे त्या 'ही'मध्ये गृहीत धरलेले असते.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण घ्यावे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या व कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. त्या स्पर्धांतील भारताचे हे पहिले सुवर्ण. त्या शर्यतीतील सारेच स्पर्धक अपंग होते. तेथे 'असूनही' या शब्दाला काही अर्थच नव्हता. जो सर्वांत वेगाने पोहला, तो जिंकला.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मचरित्राला 'चाकाची खुर्ची' हे नाव दिले. जी वस्तू लोक छायाचित्रातून वगळू पाहतात, तिलाच त्यांनी शीर्षकाचा मान दिला.

बालपणीच्या पोलिओमुळे मी स्वतः कुबडी घेऊन चालतो. यात अभिमान कसला, असे मला विचारले जाते. वेदनेचा अभिमान मला नाही; जिना आजही दमवितो आणि ते दुःख गोड मानण्याचे कारण नाही. मात्र या पायाला वगळून निराळा असा 'मी' उरत नाही. वाट आधी निरखण्याची सवय, दुसऱ्याचा हात न ओशाळता घेण्याची रीत, हे सारे मला त्यानेच दिले. तेव्हा माझ्यापुरता अभिमान म्हणजे गर्व नव्हे. लपविण्याची गरज संपणे होय.

ही गरज संपली की मागण्याची भाषाही बदलते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ केले आणि सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता याव्यात असे बंधन घातले. संकोचणारा माणूस पायरीपासून मुकाट्याने परत फिरतो. स्वतःविषयी अभिमान असणारा रॅम्प मागतो, आणि तो हक्काने.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. आपल्या राजेंद्र नगरात एखादे सभागृह उभारताना त्याची पहिली पायरी कोणाला अडविणार आहे, हे आधी पाहावे. कौतुकाचे शब्द त्यानंतर शोधता येतील.