बॅटरीवरील आळ

दसऱ्याचे सोने लुटून झाले आणि ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला म्हणजे बीड जिल्ह्यात, विशेषतः पाटोदा, धारूर, वडवणी या बालाघाटाच्या अंगावरील तालुक्यांत, पावसाळाभर गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या ट्रॅक्टर-जीपगाड्या एकाएकी बाहेर काढल्या जातात. किल्ली फिरवावी तर सेल्फ नुसता कटकट करतो, इंजिन उचलत नाही, आणि मग ‘बॅटरी गेली’ असा फैसला पुराव्यावाचून होऊन उचलीतले काही हजार रुपये बॅटरीच्या दुकानी जमा होतात. कर्ज काढून गाडी चालविणाऱ्या माणसाचा हा पैसा पुष्कळदा व्यर्थ जातो, याचे मला मनापासून दुःख होते.

शिसे आणि गंधकाम्ल यांच्या परस्परक्रियेवर चालणारी ही बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लांते याने 1859 मध्ये सिद्ध केली, आणि तिचे मूलतत्त्व अद्याप तेच आहे. ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर धरतो. तो ताजा असेतो चार्जिंगने विरघळतो, परंतु महिनोन्‌महिने राहिल्यास त्याचे स्फटिक घट्ट होऊन पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. त्यात उन्हाळ्यात चाळिशीपलीकडे गेलेला पारा आतले पाणी आटवितो. टंचाईच्या दिवसांत अशा सेलांत बोअरचे जड पाणी ओतलेले मी पाहिले आहे. झाकणे उघडली तेव्हा पट्ट्यांची माथी कोरडी, पांढुरकी पडलेली होती. तेथे डिस्टिल वॉटरच हवे, कारण क्षार पट्ट्यांना बाधतात.

तपासाला मात्र काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या टोकांवर सुमारे 12.6 व्होल्ट मिळाले तर ती भरलेली, 12 च्या आसपास आले तर जवळजवळ रिकामी. पण रिकामी म्हणजे बाद नव्हे. ती पूर्ण चार्ज करून सेल्फ मारावा, आणि त्या क्षणी आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर मात्र बॅटरीवर संशय घ्यावा. इंजिन चालू झाल्यावर किंचित रेस दिली असता आकडा 13.8 ते 14.5 च्या दरम्यान स्थिरावला पाहिजे. तो बारावरच रेंगाळून उतरू लागला तर अल्टरनेटर चार्जिंग करीत नाही. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडून बॅटरी उकळते आहे. अलीकडच्या काही मोटारींत संगणकच विजेचा हा दाब खालीवर करतो, तेथे एका आकड्यावर निकाल देऊ नये.

अल्टरनेटर दोषी ठरला तरी तो लागलीच बदलावा असे नाही. पट्टा ढिला होऊन किंवा काचेसारखा गुळगुळीत होऊन घसरतो, कार्बन झिजतात. हे किरकोळ खर्चाचे काम आहे. किल्ली फिरवताच बॅटरीचा तांबडा दिवा लागलाच नाही, तर दिव्याइतकाच संशय कार्बनवर आणि तेथवरच्या वायरिंगवर घ्यावा. एखादा डायोड गळू लागला तर बंद गाडीतील वीज रात्रभर त्याच वाटेने निघून जाते, आणि सकाळी आळ बॅटरीवर येतो.

एका प्रघाताविरुद्ध मी आग्रहाने सांगू इच्छितो. चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल उपसून ‘डायनामो’ची परीक्षा घेण्याची रीत जुन्या फियाटच्या काळातली आहे, तेव्हा खरोखरच डायनामो असे. आजच्या अल्टरनेटरला बॅटरीचा आधार अचानक तुटला की दाब एकदम उसळतो, त्यात डायोड जळतात आणि नव्या गाडीतील संगणकही जाऊ शकतो. कितीही अनुभवी मिस्त्री हे करू लागला तरी गाडीमालकाने त्यास निःसंकोच मनाई करावी.

नवी बॅटरी घेण्यापूर्वी अर्थिंगची खातरजमा राहू नये. सेल्फ मारताना मल्टिमीटरची एक सुई ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवावी. अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक दिसला तर वीज अर्थिंगच्या तारेतच अडते आहे. तार सोडवून तिचे टोक पॉलिश कागदाने घासावे, टर्मिनलवरील पांढरी-हिरवी पूड सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवावी, सेलांत ते पाणी जाऊ देऊ नये, आणि सोडताना ऋण टोक आधी, जोडताना शेवटी, हा क्रम पाळावा.