दारू सोडणाऱ्यास सोबत हवी

सुगी आटोपून कापसाचा वा सोयाबीनचा पैसा हाती आला की पुष्कळ गावांत दारूचा खर्च वाढतो, ही गोष्ट गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सांगावयास नको. अशा दिवसांत पिणारा मनुष्य कधी कधी आपण होऊनच ‘आता सोडतो’ म्हणतो, देवापुढे शपथ घेतो, गळ्यात माळही घालतो. आणि पंधरवड्यात पुन्हा गुत्त्याच्या वाटेस लागतो. यात त्याची लबाडी असतेच असे नाही. दारूचे व्यसन हा आजार आहे आणि त्याच्याशी एकट्याने झुंजणे फार कठीण जाते. ज्यांनी स्वतः दारू सोडली आहे अशांची गाठ घालून देणे, हे अशा वेळी ग्रामसेवकाच्या हातून होण्याजोगे काम आहे.

या सोबतीची रीत १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी सुरू झाली. बिल विल्सन नावाचे गृहस्थ नुकतीच दारू सोडून कामानिमित्त तेथे आले होते. काम फिसकटले, पिण्याची ओढ दाटून आली. तेव्हा त्यांनी गुत्ता न गाठता दुसरा दारू पिणारा शोधून काढला. तो निघाला एक शस्त्रवैद्य, डॉ. बॉब स्मिथ. या दोघांच्या बोलण्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. भारतात तिचे काम १९५७ साली सुरू झाले. महाराष्ट्रात पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने सुरू केले. तेथेही उपचारानंतरच्या पाठपुराव्यास फार महत्त्व दिले जाते.

अ‍ॅनॉनिमसच्या सभेत प्रवेशास फी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. हजेरीपट नसतो, आडनाव कोणी विचारीत नाही, पोलिसांस वा सरकारी कचेरीस कळविले जात नाही. सभासद पाळीपाळीने आपली हकीगत सांगतात व इतर ऐकतात. कोणी कोणास उपदेश करीत नाही. जन्मभराची शपथही नसते. आजचा दिवस प्यावयाची नाही, एवढेच ठरवावयाचे. शपथा मोडून थकलेल्या माणसास हा हिशेब झेपतो.

सभा शोधावयाची कोठे? जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात व जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात बहुधा माहिती असते. केंद्र शासनाच्या १४४४६ या विनामूल्य क्रमांकावरही विचारता येते. मात्र नुसता पत्ता लिहून घेऊन भागत नाही. सभा कोणत्या वारी, किती वाजता, मराठीत चालते काय, हे विचारावे. काही सभा केवळ पिणाऱ्यांसाठी असतात, काहींस घरच्या माणसांनाही येता येते, तेही विचारावे. सभा पुष्कळदा सायंकाळी असतात, म्हणून परतीची शेवटची एस.टी. किती वाजता सुटते हे आधी पाहावे. ही बाब क्षुल्लक वाटेल, परंतु पहिल्याच दिवशी गाडी चुकलेला मनुष्य दुसऱ्या खेपेस निघत नाही. सभेचा एखादा जुना सभासद स्थानकावर घ्यावयास येऊ शकेल काय, हेही विचारून पाहावे. गावात ज्यास लाज वाटते त्याने तालुक्याच्या ठिकाणची सभा धरावी. ती बाजाराच्या दिवशी असल्यास फारच बरे. कोणी विचारले तर बाजारास गेलो होतो असे म्हणता येते.

येथे एक सावधगिरी अत्यंत आवश्यक आहे. जो अनेक वर्षे रोज भरपूर पितो, त्याने दारू एकाएकी तोडल्यास हातपाय थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत भ्रम होऊन प्राणावरही बेतते. अशा माणसास प्रथम ग्रामीण रुग्णालयात दाखवावे, सभा त्यानंतर. कोंडून ठेवणे हा उपाय नव्हे. तसेच ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींची औषधे जेवणात मिसळणे धोक्याचे आहे. त्यात डायसल्फिरामसारखे औषध असल्यास, वरून दारू पोटात जाताच रक्तदाब एकदम उतरू शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली व रोग्याच्या संमतीनेच द्यावयाचे असते. ज्या घरी दारू आहे तेथे फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत व किल्ली दुसऱ्याकडे असावी.

पिणारा तयार नसला तरी त्याच्या पत्नीस वाट मोकळी आहे. घरच्या माणसांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ नावाच्या सभा निराळ्या असतात. त्यांत तिला नवऱ्यास सुधारण्याची युक्ती सांगत नाहीत. परंतु त्याची उधारी फेडणे, त्याच्या वतीने खोटे बोलणे, हे किती काळ करावयाचे, याचा विचार तेथे इतर बायांच्या अनुभवावरून होतो. आशाताईंनी ही गोष्ट बाईला एकटीस गाठून सांगावी, चावडीवर नव्हे.

जवळपास सभाच नसेल तर? दारू सोडू इच्छिणारे दोघे-तिघे नियमाने एकत्र बसले तरी सभा होऊ शकते. शाळेची खोली सायंकाळी मागून घ्यावी, वार ठरवावा, आणि जवळच्या चालू सभेतील एखाद्या जुन्या सभासदास पहिले काही वेळा बोलवावे. ग्रामसेवकाने खोलीची किल्ली मिळवून द्यावी व स्वतः बाहेर राहावे. एखादा सभासद मध्येच पुन्हा प्याला, तर त्याच्या घरी जाऊन पुढच्या सभेचा वार तेवढा सांगावा.